घाटामागचे रान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत एक पुष्प आम्ही गुंफावे अशी आज्ञा झाली, तेव्हा 'काशी आणि मराठे' हा विषय आम्ही चिटणीसांना कळविला. चिटणीसांनी तो हसून परत केला. गेल्या पन्नास वर्षांत या विषयावर मंडळात इतकी भाषणे झाली आहेत, की अहल्याबाईंनी विश्वनाथाचे मंदिर केव्हा बांधले हे आता आपल्या बालगोपाळांनाही तोंडपाठ आहे, असे त्यांचे म्हणणे. "तुम्ही झाडीतले, तुम्ही रानावर बोला," असे त्यांनी सुचविले. आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नाही. इतिहास आणि मराठी घेऊन बी. ए. झालो आणि पुढे सारा जन्म केंद्र सरकारच्या नोकरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला. तेव्हा जे सांगू ते तज्ज्ञाचे बोलणे नव्हे. रानाच्या कडेला वाढलेल्या आणि पोटासाठी गंगातीरी आलेल्या एका माणसाची टिपणे आहेत, एवढे ध्यानी घ्यावे.

आमची सकाळची बैठक मुन्शी घाटावर असते. एका अंगाला दरभंगा घाट, दुसऱ्या अंगाला अहल्याबाई घाट, आणि मधला हा. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचे नाव तो मिरवतो, म्हणून आम्हां वऱ्हाड-नागपूरकडच्या मंडळींना तो घरचाच वाटतो. चुनारच्या दगडाची ती भव्य भिंत पाहताना प्रवाशाच्या मनात येते ते नदीचे, धर्माचे, फार तर स्थापत्याचे. आमच्या मनात मात्र या घाटावर बसून रान येऊ लागले, आणि त्याला कारण झाल्या आमच्या मातोश्री.

वडील वारल्यानंतर त्या आमच्याकडे बिऱ्हाडी राहावयास आल्या. त्यांचे माहेर नवेगाव बांधाच्या बाजूचे, तेव्हाच्या भंडारा आणि १९९९ पासूनच्या गोंदिया जिल्ह्यातले. काशीस येण्याचा आनंद त्यांना होता, पण चार दिवसांत देवदर्शन आटोपले आणि त्या कंटाळल्या. भाषा परकी, गल्ल्या अरुंद, डोळ्यांना झाड दिसत नाही. एके दिवशी त्यांना मुन्शी घाटावर घेऊन आलो. पायरीवर पानवाला बसला होता. शेजारी एक म्हातारा बिडी ओढीत होता. बेलपत्रे, पळसाच्या पानांचे द्रोण आणि फुले मांडून एक मुलगी बसली होती. लाकडी खेळण्यांची पाटी घेऊन एक पोऱ्या फिरत होता. मातोश्रींनी हे सारे एकदा नीट न्याहाळले आणि म्हणाल्या, "का गा बापू, हे तर सगळं आपल्या झाडीतलंच दिसते!"

त्या वाक्याने आमचे डोळे उघडले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बनारसी पान जगप्रसिद्ध आहे. पण त्याला रंग येतो तो काताने, आणि कात म्हणजे खैराच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून, आटवून, थिजवून केलेला पदार्थ. कोकणातल्या कातकऱ्यांचे नाव याच धंद्यावरून पडले. इकडे सोनभद्राकडील खरवारांचे नावही खैराशी जोडतात. बिडीचे पान टेंभुर्णीचे, ज्याला इकडे तेंदू म्हणतात. द्रोण पळसाचा. बेल तर रानचाच. खेळणी पूर्वी कोरैयाच्या लाकडाची होत. कोरैया म्हणजे आपल्याकडील कुड्याच्या जातीचे मऊ, पांढरे, चिवट लाकूड. ते रानातून आणणे बंद झाल्यापासून कारागीर निलगिरीवर भागवितात. खेळण्यांवरचा चकचकीत रंग लाखेचा. लाखेचा किडा पोसला जातो तो पळस, बोर आणि कुसुंब या झाडांवर, आणि लाखेची मोठी पेठ होती शेजारच्या मिर्झापुरास. नावाडी ज्या होडीत बसला होता तिच्या फळ्या साखूच्या, म्हणजे सालाच्या. आणि या साऱ्यावर कळस म्हणजे आमच्या समोरून, प्रवाहाबरोबर, मणिकर्णिकेच्या दिशेने लाकडांनी भरलेली नाव चालली होती. तिच्याविषयी पुढे बोलावयाचे आहे.

हे रान कोठे आहे? काशीच्या दक्षिणेस गंगा ओलांडून पाऊण-एक प्रहर मोटारीने गेलो की सपाट शेते संपतात आणि विंध्याचे पठार लागते. चकिया, नौगढ, चंद्रप्रभा. पुढे मिर्झापूर आणि सोनभद्र. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला 'उष्ण कटिबंधातील शुष्क पानझडी वन' म्हणतात ते हे. भारतातल्या वनांपैकी पाचातले दोन भाग तरी याच जातीचे आहेत. पण वन म्हटले की आपल्याला सह्याद्रीचे गर्द हिरवे रान नाहीतर हिमालयातले देवदार आठवतात. एप्रिलात उघडेबोडके, करड्या खोडांचे, पायाखाली पाचोळा वाजणारे रान पाहून आमचे एक पुणेकर स्नेही उद्गारले, "अरेरे, सगळे वाळले की हो!" वाळले काहीच नव्हते. ते झोपले होते.

या झोपेचा अर्थ समजला म्हणजे अर्धे रान समजले. येथे वर्षाचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने काटकसरीचे. पानातून पाणी उडून जाते, म्हणून झाड पानच टाकून देते. पण गंमत पुढेच आहे. वैशाखात, जेव्हा खडक तापून पाय ठेववत नाही आणि पावसाला अजून महिना-दीड महिना अवकाश असतो, तेव्हा यांतली बरीच झाडे नवी पालवी काढतात. खोडात साठवलेले आणि खोल मुळांनी खेचलेले पाणी त्या भरवशावर खर्ची पडते. पहिली सर येते तेव्हा पान तयार असते आणि चार महिन्यांतला एक दिवसही फुकट जात नाही. पळस, सावर, मोह यांनी तर त्याआधी, पाने नसतानाच, फुलून घेतलेले असते. आड येणारे पान नसल्याने पाखरांना फूल लांबून दिसते.

जमिनीखालचा व्यवहार याहून नवलाचा आहे आणि तो उलगडला तो आपल्या याच गावात. काशी हिंदू विश्वविद्यालयातले प्रा. रामदेव मिश्र (१९०८–१९९८) यांना भारतीय परिस्थितिविज्ञानाचे जनक म्हणतात. त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी चकियाचे रान मोजले, तोलले. पुढे प्रा. जे. एस. सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध १९८९ साली 'नेचर' या जगद्विख्यात नियतकालिकात छापून आला. त्याचा मथितार्थ असा, की कोरड्या महिन्यांत मातीतले सूक्ष्म जीव नत्र आणि स्फुरद आपल्या शरीरात साठवून ठेवतात आणि पावसाळा लागून झाडांची वाढ सुरू झाली की तो साठा मोकळा होतो. म्हणजे गरज नसताना तिजोरी बंद, गरज पडताच उघडी. मार्चअखेर निधी संपविण्याच्या आमच्या सरकारी रिवाजात वाढलेल्या माणसाला हे वाचून थोडी लाजच वाटली. हा निबंध ज्या विद्यालयात लिहिला गेला त्याच्या फाटकावरून आपण सारे नित्य जातो. पण त्याची वार्ता आपल्या मंडळात कधी कोणी काढली नव्हती, म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली.

या रानाचा दुसरा गुण म्हणजे त्याचे खुंट. साग, धावडा, ऐन, तेंदू, पळस यांतले कोणतेही झाड बुंध्याशी तोडा. पुढल्या पावसाळ्यात खुंटाला धुमारे फुटतात. बियाणे रुजण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण मुळांची पुंजी खाली शाबूत असते. म्हणूनच हे रान माणसाच्या कुऱ्हाडीशी हजारो वर्षे नांदत आले. झाडीपट्टीत आमच्या आजोळी मोळी आणीत ती अशा धुमाऱ्यांची. झाड कोणी पाडीत नसे. मालगुजारीच्या काळी गावाला निस्ताराचे हक्क होते: जळण, गवत, नांगराचे लाकूड, कुंपणाचे काटे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, रान सरकारकडे आले, निस्तार कागदावर राहिला. सरकारी नोकर असूनही आम्हांस कबूल केले पाहिजे, की आमच्या मामांच्या तोंडी 'जंगलखाते' हा शब्द ज्या सुरात येई तो सूर आम्ही येथे काढून दाखवू शकत नाही.

पण खुंटाच्या या सहनशीलतेलाही अंत आहे. तोच खुंट दरवर्षी तोडला, त्यावर गुरे चरली आणि वर वणवा गेला, की धुमारे खुजे होत जातात आणि वीस-तीस वर्षांत रानाचे झुडूप होते. विदर्भात 'झुडपी जंगल' अशी महसुली नोंदच आहे. ही जमीन वन आहे की नाही यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनच मानावी असा निर्णय दिला. प्रश्न होता सुमारे ८६ हजार हेक्टरांचा. ज्याला आपण पडीक म्हणून नाक मुरडतो ते बहुधा दमलेले रान असते. विंध्यात तर या दमलेल्या रानात घाणेरीने, इंग्रजांनी बागेसाठी आणलेल्या त्या शोभेच्या झुडपाने, असा शिरकाव केला आहे की खालचे रोप वर येऊ शकत नाही.

थोडे विषयांतर करतो. 'चंद्रकांता' ही हिंदी कादंबरी आपल्यापैकी पुष्कळांनी दूरदर्शनवर पाहिली असेल. तिचे कर्ते देवकीनंदन खत्री यांनी चकिया-नौगढच्या रानाचे ठेके घेतले होते. ते भग्न किल्ले, त्या गुहा आणि ते नाले त्यांनी ठेकेदार म्हणून पायांखाली घातले आणि मग त्यांत ऐयार हिंडविले. याच रानात १९५७ साली गीरहून एक सिंह आणि दोन सिंहिणी आणून सोडल्या. १९६५ पर्यंत त्यांची संख्या अकरावर गेली, असे नोंदलेले आहे. त्यानंतर ते दिसेनासे झाले. विष, बंदूक की आणखी काही, याचा उलगडा झाला नाही. अकरा सिंह हिशेबातून जातात आणि त्यांचे खाते बंद करणारा एक कागदही निघत नाही, हे हिशेबनिसाच्या मनाला फार लागते.

मूळ मुद्द्याकडे येतो. या रानाचे सर्वांत मोठे पीक लाकूड नव्हेच. फाल्गुन-चैत्रात मोह गळू लागतो. पहाटे चार वाजता आजी, मामी, आई, सगळ्या टोपल्या घेऊन निघत. ज्या घराचे जे झाड ते ठरलेले. दुसऱ्याच्या झाडाखालचे फूल कोणी उचलीत नसे. फुले वेचावयास बरी जावी म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळीत, आणि ती आग कधी कधी रानात पसरे. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात, ही चांगली सुधारणा. मोहाची दारू एवढेच शहरात ठाऊक असते. आमच्या घरी मोहफुले वाळवून, उकडून खात. टंचाईच्या वर्षी त्यांनीच तारले. फळातल्या टोळीचे तेल निघे. म्हणून मोह तोडावयाचा नाही हा नियम कोणत्याही कायद्यापेक्षा पक्का होता.

मोहानंतर तेंदूपत्ता. त्याआधी झुडपांची खुटकटाई करतात, म्हणजे कोवळे मोठे पान येते. मग उन्हाळ्यातले थोडे आठवडे सारे गाव रानात. सत्तर पानांचा एक पुडा, फळीवर नेऊन मोजून द्यावयाचा, उन्हात वाळवावयाचा. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने हा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आला. वर्षातले रोख पैसे पुष्कळ घरांना याच दिवसांत दिसत. मातोश्रींचे लग्नातले चांदीचे गोट तेंदूच्या पैशांतून झाले होते, आणि त्यांचा त्यांना सोन्यापेक्षा अभिमान होता.

अलीकडच्या काळात या व्यवहाराची मालकी काही गावांकडे आली आहे. २००६ साली वनहक्क कायदा झाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. 'मावा नाटे, मावा राज' हे त्या गोंड गावाचे घोषवाक्य. आमच्या गावात आमचे राज्य, असा त्याचा अर्थ. तरीही बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना खात्याचाच लागे. २०११ च्या एप्रिलात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावाची गोष्ट आम्हांस त्याहून विचार करावयास लावणारी वाटते. हक्क मिळाल्यावर त्या गावाने तेंदूपत्ता तोडणे बंदच केले. पानासाठी झाडे छाटावी लागतात, रान जाळले जाते, आणि झुडूप छाटले की फळ धरत नाही. रोख पैसा देणारे पीक हातचे सोडणे, तेही ज्या वर्षी मालकी मिळाली त्याच सुमारास! त्यांनी बांबूवर भागविले. हा निर्णय सर्व गावांनी घ्यावा असे आम्ही म्हणणार नाही, कारण ज्या गावाजवळ बांबू नाही त्याने काय करावे? पण निर्णय त्यांचा त्यांनी घेतला, हे मोठे.

सोनभद्राचे नशीब असे नाही. १९६२ साली रिहंद धरण पुरे झाले आणि पुष्कळशी गावे, रान पाण्याखाली गेले. मग सिंगरौलीच्या कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रे आली. तेथल्या वनवासींच्या जमिनीच्या हक्कांसाठी 'बनवासी सेवा आश्रमा'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली आदेश दिले, तेव्हा त्यांचे म्हणणे प्रथम नीट ऐकले गेले. आपल्या बैठकीतला पंखा फिरतो तो बहुधा याच कोळशावर.

आपल्यापैकी ज्यांची मुले आफ्रिकेत आहेत त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. अंगोलापासून टांझानिया-मोझांबिकपर्यंत पसरलेल्या शुष्क रानाला तिकडे मियोम्बो म्हणतात. तेथेही पावसाआधीच पालवी फुटते, आणि ती तांबडी-लाल असल्याने रान पेटल्यासारखे दिसते. तेथेही मध, औषधी मुळ्या, अळंबी यांवर गावे जगतात. आणि तेथले रानही हटते ते शेतीमुळे आणि दार-एस-सलाम, लुसाका अशा शहरांच्या चुलींना लागणाऱ्या कोळशामुळे. शहराला आपल्या चुलीमागचे रान दिसत नाही, हे तिकडेही तसेच.

आता त्या नावेकडे येतो. सांगू की नको असे वाटत होते. पण आपण घरचीच माणसे आहात.

मातोश्री आमच्याबरोबर सहा वर्षे काढून येथेच वारल्या. काशीत देह ठेवावा ही त्यांची इच्छा पुरी झाली. आमचे चिरंजीव इंजिनिअर, ते म्हणाले, "बाबा, हरिश्चंद्र घाटावर विजेची दाहिनी आहे. आजीला रान किती प्रिय होते! तिच्यासाठी झाडे कशाला तोडायची?" आमची धाकटी बहीण नागपूरहून आली होती. ती रडतच म्हणाली, "दादा, माय काशीत राहिली ती यासाठी का? अग्नी द्यायचा तर लाकडाचाच." दोघांचेही चुकत नव्हते. विजेची वीज सिंगरौलीच्या कोळशाची, आणि तो कोळसा कोणत्या रानाखालून निघाला हे नुकतेच सांगितले. तेव्हा चिरंजीवांच्या बाजूनेही हिशेब कोरा राहत नव्हता. आम्ही बहिणीचे ऐकले. ते हिशेबाने ऐकले नाही, हेही सांगून टाकतो.

मणिकर्णिकेवर लाकूड मणावर विकतात. आम्ही नऊ मण घेतले; चाळीस किलोंचा मण धरला तर तीनशे साठ किलो. आमच्या लहानपणी मातोश्री जी मोळी डोक्यावरून आणीत ती वीस-पंचवीस किलोंची असे. म्हणजे पंधरा-सोळा मोळ्या. तराजूपाशी उभे असताना हा गुणाकार मनात आपोआप झाला, सवयच तशी. ज्या बाईने जन्मभर धुमारे कापून चूल पेटविली तिच्या शेवटच्या एका प्रहराला तिच्याच पंधरा-सोळा फेऱ्या लागल्या.

लाकूड कशाकशाचे आहे ते आम्ही दुकानदारास विचारले. पुष्कळसे आंब्याचे होते. काही मिर्झापूर-सोनभद्राकडील मिश्र जंगली. एका जाड ओंडक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "यह महुआ है, बाबूजी. अच्छा जलता है."

मातोश्रींना नावेतली लाकडे पाहून एकदा शंका आली होती. "मोह कोणी तोडते का गा?" असे त्यांनी मुन्शी घाटावर बसून आम्हांस विचारले होते, आणि आम्ही "छे, नाही हो माय," असे म्हणून वेळ मारून नेली होती. आम्ही तो ओंडका बाजूस काढावयास सांगितला. दुकानदाराने क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग काही न बोलता तो उचलून त्याने आंब्याचे दोन तुकडे टाकले आणि काटा पुन्हा बरोबर केला. बहिणीने कारण विचारले नाही. तिला ते समजले होते.

त्या ओंडक्याने पुढे दुसऱ्या कोणाची चिता पेटली असणार, हे आम्हांस ठाऊक आहे. त्याने रानाचे काही भले झाले असा आमचा दावा नाही. परंतु त्या दिवसापासून आम्ही घाटावर बसून नुसते बसलो नाही. चकियाच्या बाजूला सुट्टीच्या दिवशी जाऊ लागलो. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बायांशी बोलू लागलो. बलियात २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतली शेगडी त्यांतल्या पुष्कळींच्या घरी आहे. टाकी भरावयास पैसे असले की गॅस, नसले की मोळी, असे त्यांनी सरळ सांगितले. मोळीतले थोडे घरी आणि थोडे विकावयास. त्यांच्या मोळ्यांत आम्हांस मोह दिसला नाही.

चंद्रप्रभेच्या राजदरी-देवदरी धबधब्यांवर श्रावणात अर्धी काशी लोटते. त्या वेळी रान हिरवेगार असते आणि कोणालाही आवडते. आम्ही मंडळाला विनंती केली आहे, की यंदाची सहल चैत्रात काढावी. झाडांवर पान नसेल, ऊन असेल, धबधब्यात पाणी नसेल. चारोळीची फळे तयार झालेली नसतील. पण पहाटे पोचलो तर मोह गळताना ऐकू येईल. फूल पाचोळ्यावर पडते तेव्हा अगदी हलका, ओला आवाज होतो. त्यासाठी बस रात्री तीन वाजता मंडळाच्या दारातून निघावी लागेल. ज्येष्ठ नागरिकांनी उपरणे आणि पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे, मुलांनी बूट घालावेत, आणि वेचलेली फुले ज्या घराची असतील त्यांना परत द्यावीत. येणाऱ्यांनी आपली नावे या आठवड्यात कोषाध्यक्षांकडे नोंदवावीत.